दोन्ही पाकळ्या तशाच

बालीगंज, कलकत्ता, मंगळवार, ८ जानेवारी १९७४

आमच्या लेकीच्या, नलूच्या पायाचं ऑपरेशन करायचं की नाही, हे उद्या दहाला डॉक्टरांना सांगायचंय. पाय सरळ होईल म्हणतात, पण खात्री देत नाहीत. म्हणून आज सकाळी कोकणातल्या आमच्या सासूबाईंसारखा देवाला कौल लावला. मूर्तीला पाण्याने दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर ऑपरेशन करायचं, डावी पडली तर नाही.

दिवेलागण झाली तरी दोन्ही पाकळ्या तशाच! असं कसं? देवालाही ठरवता येत नसेल? की मीच पाणी जास्त लावलं?

हे ऑफिसातून आले नि बघत राहिले. म्हणाले, "तू अशी चवड्यांवर का चालतेयस?"

खरंच की. दिवसभर मी देवापुढून पाय न वाजवता जात होते. धक्का लागून डावी पडू नये म्हणून! मग मी विचारलं तरी काय होतं देवाला? गंमतच आहे माझी.

डॉक्टरांनी दिलेल्या संमतीच्या कागदावर सही करून टाकली. पाकळ्या अजून तशाच आहेत, राहू देत.

देवा, उत्तर नको देऊस. उद्या दहाला नुसता बरोबर ये.