एकसष्ट मित्र

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून पार्सलावर पाठवणारा म्हणून माझं नाव. रुनारमामाचा हुकूम.
मामा लोकरीचे हातमोजे ऑनलाइन विकतो. गिऱ्हाइकं समुद्रापलीकडची, आपल्याच देशातली. तरी करापुरतं आमचं बेट परदेश! प्रत्येक पार्सलाला कस्टमचा कागद. दुकानानं पाठवलं की कर. एका माणसानं दुसऱ्याला भेट पाठवली, पंचेचाळीस युरोंच्या आत, तर नाही.
"माझं नाव दुकानाच्या पाटीवर आहे," मामा म्हणाला. "तुझं कुठेच नाही."
मी विचारलं, पकडलं तर?
"तुझं अक्षर बघून कोण पकडतंय? शाळा अर्धवट, पण शुद्धलेखन बघा लेकाचं!"
डीसामामी हसली.
पोस्टात अर्ज केलाय ते त्यांना सांगितलेलं नाही. मे महिन्यात जागा निघते आहे. नावावर कसलाही ठपका नको, असं अर्जातच छापलंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
अकरा भेटी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
भेट म्हणायची तर आत दोन ओळी तरी हव्यात. आजपासून चिठ्ठी टाकतो. 'थंडीत हात जपा. – आल्गोत.' खोटं थोडं कमी वाटतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मला पत्र आलं. समुद्रापलीकडच्या एकेनेस गावाहून, तिकीट लावलेलं. गेर्डा श्योब्लुम, वय एक्याऐंशी.
"हातमोज्यांचे पैसे मीच भरले होते, पण तुमची चिठ्ठी वाचली आणि ते विसरून गेले. माझं आडनाव तुम्ही बरोबर लिहिलंत. दवाखान्यात दर वेळी चुकवतात. तुम्ही कोण?"
दोन पानं लिहिली. पोस्टाच्या अर्जाचंही लिहिलं. मग पुन्हा स्वच्छ उतरवून काढली.

९ डिसेंबर, मंगळवार
गेर्डाबाईंचं तिसरं पत्र. आमच्या बेटावरचा जाड पॅनकेक त्यांनी करून पाहिला, वर आलुबुखाराचा मुरांबा घालून. 'वेड्यासारख्या दोन ताटल्या मांडल्या,' असं लिहिलंय. जानेवारीत मी यायचं. त्या बसथांब्यावर उभ्या राहणार, तेच हातमोजे घालून, म्हणजे मला ओळखू येतील.
बोटीचं वेळापत्रक पाहून ठेवलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
माझ्या जाकिटातून मामानं गेर्डाबाईंचं पत्र काढलं. पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून, हातांत हातमोजे चढवून, म्हातारीचा आवाज काढून वाचलं. "आल्गोत बाळा, थांब्यावर येते हं मी..."
मामी डोळे पुसायला लागली हसून हसून.
"इतके मित्र जमवलेस, त्यातच नवरीही सापडली?" मामा म्हणाला. "लग्नात आहेर काय देऊ? पंचेचाळीसच्या आत सांग."
'पोस्टातली नोकरी तुम्हालाच मिळेल' ही ओळ आली तेव्हा मात्र तो हसला नाही. घडी घातली, पत्र स्वतःच्या खिशात ठेवलं.
मीही हसत होतो. पत्र वाचून होईपर्यंत.

१५ डिसेंबर, सोमवार
गेर्डाबाईंना उत्तर लिहिलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार
त्यांचं चौथं पत्र. एवढंच – "तब्येत बरी आहे ना? मी काही चुकीचं लिहिलं का?"
उत्तर लिहिलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार
कस्टमची नोटीस. माझ्या नावावर. एकसष्ट पार्सलं, एकसष्ट नावं. 'या व्यक्तींशी आपले नाते काय?'
मामाकडे गेलो.
"मला काय विचारतोस? भेटी तू पाठवल्यास."
त्यानं कस्टमला आधीच लिहून दिलंय – पोरगा आमच्या नकळत माल उचलून स्वतःच्या ओळखीत विकत होता. पुरावा म्हणून गेर्डाबाईंचं पत्र जोडणार होता, पण ते मामीनं चुलीत घातलं होतं. त्यावरून दोघांचं भांडण.
"पोस्टात जायचंय ना साहेबांना?" मामी जाता जाता म्हणाली. "मग आधी ही नोटीस वाचा."

४ फेब्रुवारी, बुधवार
बेटाच्या राजधानीत, मारीएहाम्नला, कस्टमच्या कचेरीत जबाब. अधिकारी लिंडक्विस्तबाई. आवाज मऊ.
"सरळ सांगते. यांतलं कुणी तुमच्या ओळखीचं निघालं, तर तुमचे मामा म्हणतात ते खरं धरावं लागेल. कुणीच नाही, तर तुम्ही फक्त कागद लिहिणारे. मग धंदा दुकानाचा, जबाबदारी त्यांची."
मी लिहून दिलं – 'यांपैकी एकाही व्यक्तीस मी ओळखत नाही.' खाली एकसष्ट नावं स्वतः उतरवली. सगळी बरोबर. तिचंही.
"एकालाही नाही?"
"नाही."
"आता आम्ही त्यांना विचारू. बहुधा तुमच्यावर काही येणार नाही."
परतीच्या बसमध्ये झोप लागली. कित्येक आठवड्यांनी.

१० मार्च, मंगळवार
पुन्हा बोलावलं होतं. साठ जणांनी लिहून दिलंय, दुकानातून विकत घेतले. लिंडक्विस्तबाईंनी एकसष्टावा कागद माझ्यापुढे ठेवला. थरथरतं अक्षर, खाली सही गेर्डा श्योब्लुम. 'आल्गोत माझा मित्र आहे. हातमोजे त्याने भेट दिले. तो चांगला मुलगा आहे, त्याला पोस्टात नोकरी मिळायची आहे.'
"खोट्या जबाबाला शिक्षा आहे, वय काहीही असो," त्या म्हणाल्या. "दोघांपैकी कोण खोटं बोलतंय?"
मी म्हणालो, श्योब्लुमबाई.