मालनच्या अर्जातला ट्रक

पाथर्डी, ४ नोव्हेंबर १९७३

एस्तेरचं पत्र आलं. निळं, पातळ, चहूबाजूंनी चिकटवलेलं — फोडताना मालननं एक ओळ फाडलीच! एस्तेर म्हणजे मालनबरोबर नगरला नर्सिंग शिकलेली मुलगी. आता ऑस्ट्रेलियात आहे, कुठल्याशा आडगावच्या दवाखान्यात. तिथल्या मेट्रनला आणखी एक सिस्टर हवी आहे. 'तू अर्ज कर. मी तुझ्याबद्दल बोलून ठेवलंय.'

मालननं पत्र दोनदा वाचलं. ही मुलगी सगळंच दोनदा वाचते. औषधाच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय बूच काढायचं नाही, असं नगरला शिकवलं म्हणे. आता घरात मिठाचा डबासुद्धा तिच्या तपासणीतून सुटत नाही.

जेवताना म्हणाली, "अण्णा, करू का अर्ज?"

"कर की!" मी पटकन म्हणालो. अर्ज म्हटलं की माझे हात शिवशिवतात. हेडमास्तरकीतून मोकळा झालो तेव्हापासून तालुक्यात ज्याला इंग्रजी अर्ज लागतो तो रखमाजी मास्तरांची पायरी चढतो. माझ्या अर्जांवर पोरं फौजदार झालीत. पोटच्या पोरीचा अर्ज तेवढा राहिला होता.

हिने, मालनच्या आईनं, भाकरी थापता थापता एकच विचारलं, "तिकडनं दिवाळीला येऊ देत्यात का?"

७ नोव्हेंबर

एस्तेरने पत्राच्या मागे अर्ज कसा लिहायचा ते कळवलंय. वाचून डोकं फिरलं.

बापाचं नाव लिहू नका! धर्म नको, जात नको, लग्नाचं नको. 'मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग' तर मुळीच नको. आत्ताची नोकरी आधी, जुनी मागून — म्हणजे वरात उलटी. दोन पानांत आटपा. तुम्हाला काय काम नेमून दिलं होतं ते सांगू नका, तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर काय केलंत ते सांगा. आणि शेवटी कडी — 'इथं फार नम्रपणा दाखवला तर माणूस काही लपवतोय असं समजतात.'

आपलीच टिमकी आपणच वाजवायची, ती टाइप करून! तीस वर्षं पोरांना विनय शिकवला त्याचं हे फळ. मालन म्हणाली, "त्यांची रीत तशी असेल, अण्णा." असेल. पण बापाचं नाव नाही, तर मुलगी काय आभाळातून पडली?

९ नोव्हेंबर

खोकला पुन्हा उसळला. मालन ड्यूटीवरून आली, पिशवी ठेवायच्या आधी माझ्या छातीला कान लावला. उगाच मनात आलं — ही गेल्यावर हा खोकला कुणाला ऐकू जाणार? एकुलती एक.

असले विचार बरे नाहीत. अर्ज चांगला करायचा!

११ नोव्हेंबर

मालननं मराठीत मजकूर लिहून दिला, मी इंग्रजी करायचा. अक्षर टपोरं, वाक्यं सुटसुटीत. चांगलं लिहिलंय, हे मान्य करायला हवं. पण मधोमध एक परिच्छेद! जसाच्या तसा उतरवून ठेवतो —

'एप्रिल १९७३. दुष्काळी कामावर लस टोचायला गेले होते. खडी फोडणारी एक बाई तिथंच बाळंत झाली. रक्त थांबेना. डॉक्टर जीप घेऊन मीटिंगला नगरला गेले होते. खडीने भरलेला सरकारी ट्रक चालला होता तो मी अडवला, खडी रस्त्याच्या कडेला ओतायला लावली, बाईला त्यात घेऊन नगरच्या मोठ्या दवाखान्यात गेले. वाटेत रक्त थांबवण्याचे उपाय मीच केले. आई आणि मूल दोघं वाचली.'

ट्रक! ज्या ट्रकापायी मेमो आला, वेतनवाढ अडकली, तोच अर्जात? विनापरवाना जागा सोडली, सरकारी वाहनाचा गैरवापर केला — असं चक्क कागदावर आहे. मी त्या मेमोचं उत्तर लिहून देताना किती शब्द खर्ची घातले! 'अनवधानाने', 'क्षमस्व', 'पुन्हा घडणार नाही'. मालन त्यावर सही करेना. हिने हात जोडले तेव्हा केली. आणि आता तेच गळ्यात माळेसारखं घालून परदेशी जायचं?

१३ नोव्हेंबर

खोडला परिच्छेद.

तांबड्या पेनानं, एकच तिरकी रेघ. शाळेत निबंधातला फापटपसारा असाच खोडायचो. त्याच्या जागी लिहिलं : 'दुष्काळी कामांवरील आरोग्यसेवेत समाधानकारक काम केले.' समाधानकारक हा शब्द कधी कुणाला आडवा आलेला नाही.

मालनला सांगितलं नाही. इंग्रजी झाल्यावर वाचेलच म्हटलं.

१५ नोव्हेंबर

डॉक्टर भालसिंगांकडे गेलो. मालनच्या दवाखान्याचे मुख्य तेच. मेट्रन विचारणार, तेव्हा त्यांचं शिफारसपत्र सोबत जोडलेलं बरं. ते नेहमीसारखे घाईत. "मास्तर, तुम्हीच लिहा हो, मी सही ठोकतो." आपल्याकडे शिफारशी अशाच होतात, त्यात नवल नाही. मग जरा थांबून म्हणाले, "त्या ट्रकचं घालायचं का?"

"नको," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. मेमोवर सही त्यांचीच होती. सुटल्यासारखा चेहरा झाला बिचाऱ्यांचा.

तिथंच बाकावर बसून लिहिलं. 'कुमारी मालन अत्यंत आज्ञाधारक असून वरिष्ठांच्या शब्दाबाहेर आजवर गेलेली नाही.' लिहिताना ऊर भरून आला. यापेक्षा मोठी स्तुती मला तरी येत नाही.

१७ नोव्हेंबर

अर्ज गेला!

तहसील कचेरीसमोर झाडाखाली बन्सीचं टाइपरायटर असतं, त्याच्याकडून टाइप करून घेतला. बन्सी दोनदा म्हणाला, "मास्तर, 'बेग' न्हाई टाकायचं? चुकल्यावानी वाटतंय बगा." मलाही वाटत होतं. पण तेवढं एस्तेरचं ऐकलं.

मालन ड्यूटीवर निघाली होती. ओट्यावरच तिच्या हातात कागद दिले. "सही कर लवकर, टपाल निघेल." मी डिंकाची बाटली आणायला आत गेलो. बाटली सापडेना — हिने दिवळीत मागे सारली होती. बाहेर आलो तर सही झालेली, टोपण लावून पेन कागदावर ठेवलेलं.

"झालं?"

"झालं," म्हणाली नि गेली.

चला. वाचलाच नाही तिनं! बरंच झालं म्हणायचं.

२ डिसेंबर

अजून काही उत्तर नाही.

१९ डिसेंबर

आज बाजारात एका बाईनं वाट अडवली. कडेवर पोर, नाकात शेंबूड, हातात गुडदाणी. "मास्तर, वळखलं न्हाई व्हय? म्या चांगुणा. ट्रकवाली!" आणि खो खो हसली.

ती सांगत होती, मी पिशवी धरून उभा. "लई भांडल्या सिस्टरबाई त्या डायवरशी. त्यो म्हने, खडी ओतली तर माझी नोकरी जाईल. बाई म्हनल्या, आन कागद. सही मी देते. जायची तर माझी जाईल. खरंच दिली हो कागदावर सही! मला तर निम्मं कळत हुतं, निम्मं न्हाई. पर तेवढं ऐकलं."

हे मला ठाऊकच नव्हतं. मालननं कधी सांगितलं नाही. मी तरी कुठं विचारलं? मेमोचं उत्तर लिहिलं मी, पण काय झालं होतं ते पोरीला विचारलं नाही. नोटिशीत जे होतं तेच खरं धरून चाललो.

पोराच्या हातावर दहा पैसे ठेवले. घरी येईपर्यंत काहीतरी टोचत राहिलं.

१४ जानेवारी १९७४

संक्रांत. मालन तीळगूळ देऊन पाया पडली. "गोड बोला, अण्णा." बोललो. पण आता बोलावं ते मनात वेगळंच होतं.

दुसरा अर्ज पाठवावा का? पण कोणत्या तोंडानं? पहिला अर्ज खोटा नव्हता, फक्त अर्धा होता असं कळवू? इंग्रजीत ते कसं म्हणतात मला ठाऊक आहे. म्हणायचं धाडस नाही.

९ फेब्रुवारी

उत्तर आलं. नाही म्हणताहेत.

छापील कागद, चांगला जाड. मेट्रनबाई सभ्य दिसतात. मालनच्या शिक्षणाचं कौतुक केलंय. पुढे म्हणतात — आमचं गाव दूर आहे, डॉक्टर साठ मैलांवर असतात. आम्हाला अशी सिस्टर हवी जी वेळ आली तर कुणाला न विचारता निर्णय घेईल. दिलेल्या माहितीवरून तसा अनुभव दिसला नाही. सबब खेद वाटतो.

मी वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला, खोकल्यावर घातलं. मालन ऐकत होती. "बरं," म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली.

ही पदर डोळ्याला लावून म्हणाली, "जाऊ दे मालन. देवाच्या मनात न्हवतं." देवाला कशाला मध्ये आणायचं!

१० फेब्रुवारी

कुणाला न विचारता.

कुणाला न विचारता, कुणाला न विचारता. दिवसभर तेच. अंघोळीला बसलो तरी तेच.

२३ फेब्रुवारी

एस्तेरचं पत्र. मालन ड्यूटीवर होती, तरी मीच फोडलं. ही खोड कधी जाणार?

एस्तेर चिडली आहे, आणि तिचं बरोबर आहे. लिहिते — 'मालन, ट्रकची गोष्ट मी मेट्रनला आधीच सांगितली होती. तेव्हा त्या म्हणाल्या, हीच मुलगी हवी. मग अर्ज आला, त्यात ट्रक नाही! डॉक्टरांच्या पत्रात नाही! उलट वरिष्ठांच्या शब्दाबाहेर जात नाही म्हणे. मेट्रननं मला बोलावून विचारलं, मैत्रिणीसाठी गोष्ट रचलीस का? मला रडू आलं गं. तू का नाही लिहिलंस? जागा आता भरली. मेलबर्नकडची एक मुलगी आली.'

म्हणजे जागा मालनचीच होती. ठेवलेलीच होती. मी ती तांबड्या रेघेनं काढून घेतली, आणि वर एस्तेरला खोटं पाडलं.

आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. सगळ्यांना वाकायला शिकवलं. पाठीचा कणा दिसला की चुना फासून झाकायचा, ही माझी विद्या! पोरीनं एका रक्तबंबाळ बाईसाठी सरकारचा ट्रक अडवला. मला काय दिसलं? मेमो. एवढं धारिष्ट माझ्यात एकदा तरी होतं का? इन्स्पेक्टर शाळा तपासायला यायचे तेव्हा मी खुर्ची स्वतःच्या धोतरानं पुसायचो.

बैल गेला आणि झोपा केला. हा झोपासुद्धा कुणाच्या कामाचा नाही.

२५ फेब्रुवारी

अर्ज नव्यानं लिहिला. आत्ताची नोकरी आधी, जुनी मागून. बापाचं नाव नाही. ट्रकचा परिच्छेद पहिल्या पानावर, मालनच्याच शब्दांत. मी फक्त इंग्रजी केलं, एक विशेषण घातलं नाही. डॉक्टरसाहेबांकडे जाऊन म्हणालो, या वेळी तुम्ही स्वतः लिहा, खरं ते लिहा. त्यांनी लिहिलं. चार ओळी, शुद्धलेखन भयंकर, पण वाचून मला रडू कोसळलं.

वाचायला सुंदर आहे. पाठवायचा कुठं? ती जागा तर गेली. एस्तेरला कळवलंय — दोष माझा, मालनचा नाही. दुसरीकडे कुठं जागा असेल तर बघ. आयुष्यात पहिल्यांदा क्षमा मागणारं पत्र 'क्षमस्व' न लिहिता लिहिलं.

मालनला सांगायला हवं. उद्या.

२८ फेब्रुवारी

उद्या, उद्या करत तीन दिवस घालवले. हेडमास्तर!

१ मार्च १९७४

सांगितलं. आज संध्याकाळी ती माझ्या औषधाची बाटली हातात घेऊन उभी होती. लेबल वाचलं, पुन्हा वाचलं, मग बूच काढलं. मी म्हणालो, "मालन, ट्रकचं मी खोडलं होतं. तुला न सांगता."

"माहीत होतं," ती म्हणाली. चमचा भरत होती. "ओट्यावर वाचला होता मी अर्ज. दोनदा."

"मग सही का केलीस?"

"मला वाटलं, मी जाऊ नये असं तुमच्या मनात आहे. तोंडानं म्हणवत नाही, म्हणून खोडलंत. मग म्हटलं, राहू दे."

मी नाही म्हणालो. तसं नव्हतं गं, मेमोमुळे खोडलं, शपथ घेऊन सांगितलं. तिनं मान हलवली, चमचा माझ्या तोंडाशी धरला. औषध घेतलं. आता ती आत भांडी लावते आहे आणि मी ही पानं मागे उलटून नऊ नोव्हेंबरची ती खोकल्याची नोंद वाचतो आहे.

दोनदा वाचलं.