गादी कुणाच्या हातची

॥ ॐ नमः शिवाय ॥
मुखेड, दि. ३ एप्रिल २०२५

चि. सौ. लक्ष्मम्मास,
थोरला भाऊ नागप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. दाजींची शुगर आता कशी हाय? चहात साखर नको म्हणून सांगून तूच चमचा टाकतेस, मला माहीत हाय. तुझी कंबर कशी? जड घागर उचलू नको. सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली का? गाय व्याली का? इकडं तुझ्या शिवगंगावहिनीचे गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत हाय. सूनबाई अंजू बरी हाय. अमरेशची तब्येत मी विचारत न्हाई. तुझ्या लेकाची तब्येत मला रोज मोबाईलवर दिसत होती. परवा अंजूला सांगून घरच्या ग्रुपमधून माझं नाव काढून घेतलं, म्हणून हे कागदी पत्र. फोनवर तू रडतेस आन् मी ओरडतो, बोलणं काही होत न्हाई.

तू विभूती आन् लग्नपत्रिकेचं ताट घेऊन माझ्या दारात आलीस आन् मी ताट परत फिरवलं. तेव्हापासून शिवगंगा माझ्यापुढं पाव्हण्याला वाढावं तशी भाकरी ठेवून निघून जाते. पण लक्ष्मी, मी काय करू? भाच्याच्या लग्नात मामानं गादी द्यायची, मांडवात नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचं. मी याच्या पाठीशी उभा राहू? यानं मुरुडच्या बाजारात खाजाभाई पिंजाऱ्याच्या दुकानासमोर खांबावर त्याच्या संघटनेचा बोर्ड ठोकला, की फक्त आपल्या माणसांकडूनच घ्या. बाजाराच्या दिवशी समोर मोबाईल घेऊन दोन माणसं उभी करतो, जो गिऱ्हाईक आत गेला त्याचा फोटो. तुझ्या लग्नातली गादी खाजाभाईच्या बापानं पिंजली होती. तिच्यावर लोळून हा मोठा झाला.

असल्या माणसाशी मला बसणं न्हाई, उठणं न्हाई. माझा निरोप त्याला वाचून दाखव.
तुझा,
नागप्पा

मुरुड, दि. ८ एप्रिल

ती. नागप्पाअण्णास,
लक्ष्मम्माचे शिरसाष्टांग शरणार्थ. पत्र मिळाले. निरोप वाचून दाखवला नाही, मी काय तुझी डाकवाली आहे?

अण्णा, तू रागावलास ते बरोबर आहे, पण राग धरून मुखेडला बसलास ते बरोबर नाही. मी त्याला म्हटलं, की तो बोर्ड काढ, तर म्हणतो आई तुला कळत नाही. त्याचे वडील बोलले तर जेवणावरून उठून जातो. लहानपणी तुझ्या एका नजरेत गप्प बसायचा. तू तोडलंस तर त्याच्या कानाशी बोलायला उरतं कोण? तीच संघटनेची मंडळी. सकाळी चहाला येतात, माझ्या हातचे पोहे खातात आणि माझ्याच ओट्यावर बसून असं काही बोलतात की मी भांडी आपटते. उदगीरची मुलगी, दामिनी, चार मे रोजी या घरात येणार. तिनं काय बघावं?

दार बंद केलंस म्हणून तो सुधारणार आहे का? तुला फक्त आपले हात स्वच्छ ठेवायचे आहेत. हे लिहिलं म्हणून चिड, पण एकदा त्याच्याशी बोल.

वहिनीला सांग, माझ्यातर्फे तुझी भाकरी अजून दोन दिवस तशीच वाढायची. लोभ असू दे.
तुझी धाकटी,
लक्ष्मम्मा

मुखेड, दि. १२ एप्रिल

चि. अमरेशास,
मामाचा आशीर्वाद. तुझी आई म्हणते बोल, म्हणून बोलतो. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस मी, शाळा तिसरीपर्यंत. तुझ्यासारखं भाषण मला जमत न्हाई. सरळ सांगतो.

मी लग्नाला येईन. रिवाजाप्रमाणं गादी आणीन. पण ती खाजाभाईनं शिवलेली असेल. आपल्याकडं आहेर माईकवर पुकारतात, कुणी काय दिलं ते. माझा आहेर असा पुकारायचा: नवरदेवाला गादी, देणार मामा नागप्पा, शिवणार खाजाभाई पिंजारी, मुरुड. तुझ्या सगळ्या मंडळींच्या कानावर पडलं पाहिजे. मग मी तुझ्या मागं ताठ उभा राहीन. न्हाई तर तुझी पाठ उघडी राहू दे. तुला पाठीवर खेळवल्याची मला लाज वाटावी, असं करू नको.
मामा

मुरुड, दि. १७ एप्रिल

ती. मामास,
अमरेशचा शि. सा. नमस्कार. पत्र मिळाले. तुमच्या वयाचा मान ठेवून लिहितो.

मी कुणाच्या अंगाला हात लावला? बोर्ड लावला, एवढंच. आज बोर्ड आहे. उद्या त्या लोकांनी गावात कसं राहायचं, राहायचं की नाही, हेही आम्हीच ठरवू. तुम्ही जन्मभर मशीनच्या सुईकडं बघत बसलात, म्हणून तुम्हाला सगळे आपलेच वाटतात. पिंजाऱ्यानं तुम्हाला बरोबर फितवलं. तुमचं पत्र मी ग्रुपवर टाकलं आहे. लोकांना कळू दे, तो आमच्या घरात कुठपर्यंत पोचला आहे.

माईकवर त्याचं नाव येणार नाही. तुम्ही मात्र या. आमच्या मंडळींना तुम्हाला भेटायचं आहे. त्यांच्यासोबत बसा, ऐका, तुम्हालाही पटेल. मामाविना मांडव बरा दिसत नाही.
आपला,
अमरेश

मुखेड, दि. २३ एप्रिल

चि. सौ. लक्ष्मम्मास,
अनेक आशीर्वाद. सोमवारी मी मुरुडला येऊन गेलो, तुझ्या दारावरून गेलो आन् आत आलो न्हाई. त्याबद्दल शिव्या दे, पण आधी हे वाच.

गादी शिवून घ्यायला खाजाभाईकडं गेलो होतो. शटर अर्धं खाली. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, मग म्हणाला, की अण्णा, ही गादी मी शिवणार न्हाई. मी म्हटलं, का, घाबरलास? तो म्हणाला, हाव, घाबरलो. तुम्ही माझं नाव माईकवर पुकारणार, लोक मान वळवून बघणार, आन् तुम्ही यष्टीत बसून मुखेडला जाणार. मला दुसऱ्या दिवशी इथंच शटर उघडायचं हाय. तुमच्या त्या पत्राचा फोटो फिरल्यापासून समोर दोन होते त्याचे चार झाले. मी तुम्हाला सांगितलं होतं का, माझं नाव लिवा म्हणून?

लक्ष्मी, खरंच मी त्याला विचारलं नव्हतं. भाच्याशी भांडायचं मी, आन् लाकूड त्याच्या घरचं जाळायचं.

मग मी त्यालाच विचारलं, की तूच सांग, या भाच्याशी मी बोलू का संबंध तोडू? तर आतून त्याची बायको रजियाबी मशीन थांबवून म्हणाली, की मामूजी, तो भाचा तुमचा हाय. बोला, तोडा, तुमचं तुम्ही बघा. ते पण आमच्यावर टाकू नका. आम्हाला तेवढा बोर्ड नको आन् दारातली माणसं नकोत.

तेव्हा आता माझी दुसरी अट. माईक नको, गादी नको, माफी नको. अमरेशनं स्वतःच्या हातानं बोर्ड उतरवावा आन् माणसं उठवावीत. तेवढं झालं तर मी एक दिवस आधी येईन, पंक्तीत वाढीन, वरातीत नाचीन सुद्धा. न झालं तर येणार न्हाई. मी तिथं उभा राहिलो की त्याचा फोटो निघणार आन् मुखेडचे मामा पण आपलेच म्हणून फिरणार.

दाजींना नमस्कार. उत्तराची वाट बघून राहिलो.
नागप्पा

मुरुड, दि. ६ मे

ती. अण्णास,
लक्ष्मम्माचे शरणार्थ. लग्न झालं. बोर्ड निघाला नाही, तू आला नाहीस. दोघांनी आपापलं खरं केलं आणि मधल्या मधे मी हसतमुखानं पाव्हण्यांना पान-सुपारी देत फिरले. आयाबाया विचारत होत्या, सख्खा मामा कुठं आहे. मी सांगितलं, ताप आलाय. माझ्या लेकाच्या लग्नात मला खोटं बोलायला लावलंस, हे मी विसरणार नाही.

पाठीशी मडिवाळप्पा उभे राहिले, आपले चुलतभाऊ. भोळा माणूस. अक्षता पडल्या आणि संघटनेच्या मंडळींनी त्यांच्या गळ्यात आपलं उपरणं घातलं, मधे घेतलं, घोषणा दिल्या. त्यांना वाटलं आपला सत्कार चालला आहे. हात जोडून हसत होते बिचारे. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळीकडं. दामिनीच्या वडिलांचं तोंड एवढंसं झालं होतं. दामिनीनं मला एवढंच विचारलं, आत्या, हे रोजचं आहे का?

एक गोष्ट लपवली होती, ती सांगते. ते उपरणं तुझ्यासाठी आणलेलं होतं. आठ दिवस आधीपासून माझ्या कपाटात होतं. मला माहीत होतं, अण्णा. तरी मी तुला ये म्हणत होते. मला वाटलं, एकदा तू आलास की बाकीचं मी बघून घेईन.

आता तू म्हणशील, बघ, तोडलं तेच बरं केलं. म्हण. पण मी आई आहे, मला तोडता येत नाही. रोज त्याला वाढते आणि रोज एक वाक्य बोलते. काल मी म्हणाले, रजियाबीनं तुझ्या बारशाची दुपटी शिवली होती. ताट सरकवून गेला.
तुझी,
लक्ष्मम्मा

मुखेड, दि. ११ मे

चि. सौ. लक्ष्मम्मास,
आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून फाडणार होतो, शिवगंगानं हातातून काढून घेतलं. उपरणं कपाटात ठेवून मला बोलावत होतीस! असं माझ्या वैऱ्यानं पण केलं नसतं. हे मी पण विसरणार न्हाई, म्हणजे आपली फिटंफाट.

पण तू म्हणतेस तसं मी म्हणणार न्हाई. मी गेलो न्हाई, ते बरंच झालं. तिथं नुसता बाहुला झालो असतो. मात्र मी इथं दार लावून बसलो, तेव्हा तिकडं खाजाभाईच्या दारातला एक माणूस तरी कमी झाला का? मांडवात जाणं खोटं होतं, आन् घरी बसणं सोपं होतं.

या खेपेला आधी खाजाभाईला फोन करून विचारलं, की तुझ्या दुकानात येऊन बसू का. त्यानं आधी शटर खाली ओढलं, मला आवाज आला. मग म्हणाला, की आत नको, बाहेरच्या पायरीवर बसा. माझं नाव घेऊन कुणाशी भांडायचं न्हाई. मशीनी दुरुस्त करायच्या, गिऱ्हाईकासारखं यायचं, गिऱ्हाईकासारखं जायचं. ज्या दिवशी मी नको म्हणेन त्या दिवशी उठायचं. मी कबूल केलं. माझी अवजारांची पेटी घेऊन येत्या बाजारापासून दर बाजाराला मी तिथं बसणार. अमरेशच्या माणसांनी माझा फोटो खुशाल काढावा, ग्रुपवर टाकावा. फक्त टोपी सरळ असताना काढावा.

अमरेशला हे तूच सांग, चोरून काही न्हाई. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मी नाही म्हणणार न्हाई. पण त्याच्या ओट्यावर न्हाई, त्याच्या मंडळींत न्हाई. त्या पायरीवर येऊन बसावं, खाजाभाईच्या डोळ्यांदेखत बोलावं. आला तर सरकून जागा देईन. त्याची माणसं तिथून उठेपर्यंत मी पण उठायचा न्हाई. सत्तरी झाली, मला दुसरं काम तरी काय हाय?

दुपारी ऊन लई असतं आन् बाजारातलं खाणं मला सोसत न्हाई. तुझ्या घरी जेवायला आलो तर तो ताटावरून उठून जाईल, दामिनीपुढं तमाशा होईल, तुला त्रास. तेव्हा माझी भाकरी तू टाकणार का मी मुखेडहून बांधून आणू, एवढं लवकर लिहून कळव.
तुझा,
नागप्पा