मिसेस क्लेगचं टॉफीचं दुकान

ओल्डहॅम, शुक्रवार

प्रिय टॅबिथा,

मी ठणठणीत आहे. पण हे आरोग्य निरीक्षकाचं काम म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं झालंय!

मिसेस क्लेगच्या मुलीला लाल पुरळाचा ताप आलाय, आणि ही बाई खाली दुकानात पोरांना टॉफी विकतेय. म्हटलं, "दुकान बंद करा, मुलीला इस्पितळात पाठवा."

"साहेब, ताप वरच्या खोलीत आहे, टॉफी खाली!"

"आणि वर-खाली कोण करतं?"

बाई ढसाढसा रडायला लागली. शेवटी कशीबशी तयार झाली, तर इस्पितळाचा गाडीवान लागण होईल म्हणून मुलीला हात लावेना. मीच तिला उचलून गाडीत ठेवलं.

म्हणून या रविवारी घरी येत नाही. सॅमीचा खोकला थांबला का? त्याला सांग, बाबा रागावलेले नाहीत, मुद्दाम लांब राहिलेत.

तुझाच वैतागलेला,
जोसाया