पूजाचा पहिला पेशंट

१४ जानेवारी, मंगळवार

आमच्या हिच्या, मालूच्या, तिळगुळाने घात केला. पाक कडक झाला होता, पण बोलायची सोय नाही, म्हणून गपचूप चावला. उजवीकडची खालची दाढ! डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी चेहरा गोड ठेवून बसून राहिलो, कारण समोर पूजा. लेक दाताची डॉक्टर आणि बापाच्या दाढेत भगदाड! कॉलेजात गेली तेव्हापासून म्हणते, "बाबा, आ करा, बघू." मी कधी केला नाही. कधी शिफ्टची घाई, कधी तोंडात सुपारी. सुपारी मी खातच नाही.

आज जेवताना तिने जाहीर करून टाकलं. रोह्यात तिचा दवाखाना दोन तारखेला सुरू होणार आणि पहिला पेशंट मी. "सगळ्यांसमोर बाबांना खुर्चीत बसवणार. धाटावची तुमची माणसं दाताच्या डॉक्टरला टरकतात ना, त्यांची भीती मोडेल." मालू पदर तोंडाला लावून हसत होती. तिला सगळं माहीत.

धाटावच्या केमिकल कंपनीत मी सेफ्टीला. गॅस सुटला तेव्हा मास्क लावून आत शिरलोय, व्हॉल्व्ह बंद करून आलोय. पण दाताची खुर्ची बघितली की मी दार शोधतो. शाळेत असताना एकाने भूल न देता दात उपटला होता, तेव्हापासूनचं हे. दोन तारखेला मी त्या खुर्चीतून पळालो तर? सख्खा बाप पळाला म्हटल्यावर पोरीकडे कोण येणार?

१५ जानेवारी, बुधवार

लवंग ठेवली. लवंग संपली, ठणका आहे तसाच.

१८ जानेवारी, शनिवार

मालूची अक्कल. "पेणला जावा. तिथं कोण वळखतंय तुमाला? दाढ काढून टाका. पोरीनं तपासलं तरी नुसतं बघून सोडील." पूजाला सांगितलं, मालूच्या मावशीकडे जातोय. एसटीने नागोठणं, वडखळ करत पेण. वडखळला वाटलं, इथेच उतरून पापड घ्यावेत आणि घरी जावं. मालूने दंड धरून ठेवला होता.

डॉ. हुमेरा. पोरगेलीशी, हसरी, पण नजर करडी. मी दारातच सांगितलं, "मॅडम, मी पळतो." ती म्हणाली, "पळा की काका, पण आधी बसा. तुमच्यासारखे रोज येतात. पोलीसपण येतात."

मग तिने नीट समजावलं. हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन तर द्यायचंच, त्याला पर्याय नाही. पण त्याआधी मनाची भीती घालवायला तीन रस्ते. एक, नाकावर मास्क लावून हसण्याचा गॅस. माणूस जागा राहतो, हलकं वाटतं, मास्क काढला की थोड्या वेळात गॅसचा अंमल साफ उतरतो. दोन, तासभर आधी गोळी. गुंगी येते, विचारलं तर उत्तर देतो, पण नंतर बरंचसं आठवत नाही. सोबत माणूस पाहिजे, गाडी चालवायची नाही. तीन, शिरेतून औषध. त्याला भुलीचे डॉक्टर येतात, मशीन लावून शेजारी बसतात. बीपी विचारलं, गोळ्या विचारल्या, घोरता का विचारलं. त्याचं उत्तर मालूनेच दिलं, जरा जास्तच दिलं.

मी छाती काढून म्हटलं, गॅस. गॅस म्हणजे आपलं खातं!

२१ जानेवारी, मंगळवार

लिहू की नको. लिहितो.

आज पुन्हा पेण. खुर्चीत बसलो. शेजारच्या खुर्चीत सिपोरा मावशी म्हणून एक म्हाताऱ्या बाई, कवळीचं माप द्यायला आलेल्या, तोंडात मापाचा ओला मसाला गच्च भरलेला. हुमेराने माझ्या नाकावर मास्क ठेवला. "नाकाने श्वास घ्या, काका." आणि फुस्स आवाज झाला.

आता वीस-बावीस वर्षं मी कंपनीतल्या पोरांना काय शिकवतोय? फुस्स ऐकलं की श्वास बंद. वाऱ्याची दिशा बघ. वाऱ्याला आडवा चाल. बरोबरच्याला मागे सोडू नको. माझा श्वास आपोआप बंद! हुमेरा म्हणतेय, घ्या श्वास, घ्या श्वास, आणि मी गाल फुगवून खिडकीबाहेर बघतोय, कापडी पिशवी कुठे लटकतेय का वारा दाखवायला. तिथे कुणाची तरी लुंगी वाळत होती. लुंगी स्टेशनकडे उडत होती. झालं! मास्क फेकला, सिपोरा मावशींचा हात धरला आणि निघालो. बाहेर बाकावर दोघंतिघं होते, त्यांना ओरडलो, "आडवे चला, आडवे!" तेही उठले. पुढे रिक्षास्टँडवर सगळ्यांना उभं करून मी माणसं मोजायला लागलो, तेव्हा भानावर आलो.

मावशींना बोलता येत नव्हतं, मसाला तोंडातच. हुमेराने येऊन तो काढला. पहिलं वाक्य, "मला वाटलं खरंच आग लागली. पण हा मला टाकून नाय पळाला हो!" दुसरं, "माप बरं आलं का गो बघ." आलं होतं म्हणे, झकास.

हुमेरा हसता हसता रिक्षाला टेकली. मालू अजून हसतेय, आत्ता, मी लिहितोय तेव्हापण.

२२ जानेवारी, बुधवार

आज कंपनीत ड्रिल होतं. मी शिट्टी वाजवली नाही. हाताखालच्या निकेशला वाजवायला लावली.

२९ जानेवारी, बुधवार

दाढ गेली! काल गेली. मी जिवंत आहे.

काल गोळीचा रस्ता. हुमेराने समोर बसवून गोळी दिली. पंख्याकडे बघत बसलो. पंखा फार चांगला वाटायला लागला. मालूही फार चांगली वाटायला लागली, तसं तिला बोललोही म्हणे. त्यापुढचं कोरं. एकदम आठवतं ते गाडीत मागे आडवा झालोय आणि तोंडात कापसाचा बोळा. गाडी कुणाची? मालू म्हणाली, ठरवून आणली. एवढा उशीर कसा झाला? "रांग व्हती." मी काय बडबडलो? "काय नाय. झोपा गपचूप."

गाल सुजलाय. पूजाला सांगितलं, गांधीलमाशी चावली. दाताची डॉक्टर, पण कशी भोळी! बर्फ आणून दिला, पेज गार करून दिली, डोक्यावरून हात फिरवला. विचारलं नाही काहीच. आमच्या दोघांच्या नाटकाला तोड नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

सूज उतरली. वरणभात खाल्ला. पूजाच्या दवाखान्याची पाटी लागली, आडनाव आमचं. तिच्याखाली दहा मिनिटं उगाच उभा राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, परवा या, मी पहिला बसणार आहे. आता कसली भीती? दाढच नाही तर ती काढणार काय?

२ फेब्रुवारी, रविवार

नारळ फुटला. धाटावची झाडून सगळी माणसं आली. मी ताठ चालत गेलो आणि सगळ्यांसमोर खुर्चीत बसलो. पूजाने वाकून हळूच सांगितलं, "उठा बाबा. पहिला पेशंट मंगळवारीच झाला, पेणला."

हुमेराला मी तोंडच उघडू दिलं नव्हतं म्हणे. गुंगीत एकच धोशा, माझ्या पूजाला बोलवा, ती काढणार असेल तर काढा. शेवटी मालूने फोन लावला. पोरगी हातातलं काम टाकून गाडी घेऊन पेणला आली. म्हणाली, "बाबा, आ करा." आणि मी केला. दाढ तिने काढली.

मालूला कोपऱ्यात नेऊन विचारलं, मी थरथरत होतो का? "नाय वो. तिच्याकडं बघत व्हता. हिला आमी शिकवली, हिला आमी शिकवली, असं हुमेराला सांगत व्हता."

मला यातलं काही आठवत नाही. सगळे पेढे खात होते, मी मोरीत जाऊन रडून आलो. आल्यावर आरशासमोर उभा राहून डाव्या बाजूच्या दाढा जिभेने एकेक चाचपून बघितल्या. सगळ्या धडधाकट. एखादी किडलेली असती तर फार बरं झालं असतं.