माझ्या कबरीच्या जागेबाबत

मेलेल्या मित्राला हाक मारून कबरीबाहेर बोलावणाऱ्या येशूची माणसं आत जायला मात्र आधीपासून जागा का धरून ठेवतात? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. बी.ए.ला हा भाग नव्हता, आणि प्रार्थनागृहात विचारलं तर उपासना लांबते.

तरी मी, रविना बुधू निरगुडा, वय पंचवीस, राहणार उंबरपाडा, सिद्धगडाच्या पायथ्याशी, तालुका मुरबाड, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. मला आजार नाही आणि मरायची घाईही नाही. देवाला जगणं आवडतं असा माझा विश्वास आहे. पण दफनभूमीच्या नियमाप्रमाणे धरलेली जागा फक्त मृत्युपत्रानेच दुसऱ्याला देता येते. प्रार्थनागृहाच्या समितीत पदवीधर मी एकटी, म्हणून नियम लिहायला मलाच बसवलं होतं. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला होता.

कलम १. माझी पुस्तकं वाडीत ज्याला वाचायची असतील त्याला द्यावीत, देव कोणता ते न विचारता. माझी प्लास्टिकची खुर्ची समितीला. सभेला ती मी घरून नेत असे, कारण पुरुषांना बाक होते आणि बायकांना चटई. माझ्यामागे तिच्यावर बाईनेच बसावं.

कलम २. दफनभूमीतली माझी एक गुंठ्याची पट्टी. मी सातवीत असताना ज्यांनी कुंपणाचे दगड वाहिले त्यांना समितीने पट्ट्या दिल्या. माझ्या बाबाने दोन घरांचे दगड एकट्याने वाहिले आणि दुसरी पट्टी माझ्या नावावर केली. त्यात माझा अजून न झालेला नवरा आणि पोरंही धरली आहेत. म्हणाला, "शिकून कुठंबी जा गो, पण मेल्यावर तरी घराजवळ ये." तेव्हापासून तिथे एकच माणूस पुरलं गेलं. बाकी आम्ही सगळे चिवट निघालो. पण पट्ट्यांवर चुन्याने नावं लिहिलेली आहेत, फाटकाला कुलूप आहे, आणि अध्यक्ष पंढरीकाकांची पट्टी जांभळाच्या सावलीत आहे. मेल्यावर ऊन लागू नये म्हणून असेल.

आमच्या शेजारची लहानीमावशी वाघोबाला मानते. तिची खाचरं दहा गुंठे, तीही खोलात. भाताची रोपं वाढवायला पाणी न साचणारी उंच जागा लागते, पेरणीआधी तिच्यावर पालापाचोळा जाळून राब भाजतात; तिची तेवढीच उंच जागा रस्त्यात गेली. रोपं नाहीत तर लावणी नाही, आणि वर्षभर घरात भात नाही. समितीने तीन रविवार तिला जागा मिळावी म्हणून डोळे मिटून मागणं केलं. चौथ्या रविवारी मी विचारलं, "काका, आपल्या कुंपणात एवढी जागा रिकामी आहे. तिला का देत नाही?"

"रिकामी नाय, राखीव हाय."

"कोणासाठी?"

"तुज्यासाठीच! आमी तुजी काळजी करतो, आन तू तोंड वर करून बोलतंस."

"मग मागणं कशाला केलं?"

"अगो, मागणं देवाकडं केलंय. आमच्याकडं नाय!"

सगळे 'आमेन' म्हणाले. देवाने ऐकून आमच्याच दाराकडे बोट दाखवलं तर काय करायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं. सबब, माझी पट्टी लहानीमावशीला. तिने तिथे पुरून घेण्याची सक्ती नाही. पेरावं.

मावशी आधी तयार नव्हती. "मेल्यांच्या उरावर राब भाजू? भाताला भूत लागंल!"

"त्या पट्टीत मीच आहे मावशी, आणि मी अजून जित्ती हाय."

"मंग भूक लागंल तवा जेवाया ये, भुता," असं म्हणून ती हसली, आणि पालापाचोळा गोळा करायला निघाली.

कलम ३. बाबाला मी काहीच ठेवत नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला त्याची सही हवी आहे. पट्टीचं त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ विळ्याला धार लावत राहिला. दगड त्याने वाहिले होते. मग म्हणाला, "आन तू कुठं जाशील?"

"बघू."

"माज्या पट्टीत ये. मी सरकंन."

दफनभूमीच्या प्रश्नावर समितीच्या एवढ्या सभा झाल्या, पण ही सूचना कोणी मांडली नव्हती.

कलम ४. हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर लागू होईल. लहानीमावशीचं भात तोवर थांबणार नाही. जिवंत माणसाने आपल्या कबरीच्या जागेत काय करू नये, यावर नियमात एक शब्द नाही. नियम मी लिहिला आहे, मला माहीत आहे. कार्यवाह म्हणून फाटकाची दुसरी किल्लीही माझ्याकडेच असते. त्यामुळे समितीने यावर विचार करावा अशी माझी विनंती नाही. मे महिन्यात आम्ही दोघींनी तिथे राब भाजला. गेल्या सोमवारी बी पेरलं. रोपं दोन बोटं वर आली आहेत.

लिहून देणार : रविना बुधू निरगुडा (सही)
साक्षीदार : १. बुधू निरगुडा, वडील (सही, स्वतःच्या हाताने)
२. जया मेंगाळ, बालवाडीची ताई (सही)
ठिकाण : उंबरपाडा, दफनभूमीचं उघडं फाटक
दिनांक : १५ जून २०२५, रविवार, उपासनेआधी