डोळ्यांच्या तपासणीत केलेली कॉपी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (डॉक्टरांनी दोन दिवस वाकू नका म्हटलंय, तेव्हा तूर्त उभ्याउभ्याच घे). तुझे गुडघे काय म्हणतात? स्वयंपाकघराच्या दाराची चौकट सरळ झाली का? सुताराला तिसऱ्यांदा बोलावून झापलंस, असं भाचीकडून कळलं.

आता माझं. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतं आणि वेळेवर आवरलं नाही तर मधली नजर कायमची जाते, हे तुला माहीत आहेच. त्यावरच्या नव्या औषधाची इस्पितळात चाचणी चालू आहे, तीत मी सहा महिन्यांपूर्वी नाव घातलं. इंजेक्शन थेट डोळ्यात देतात (दुखत नाही, असं ज्यांना ते घ्यावं लागत नाही ते सगळे सांगतात). नियम असा की दर महिन्याला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा आणि वाचन चांगलं आलं तर पुढची सुई लांबते.

बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसासमोर तक्ता टांगून, वर चांगल्या गुणांना सुई माफ म्हटल्यावर तो काय करणार, तूच सांग. नर्सबाई कागद भरण्यात गुंतलेल्या असत आणि डावा डोळा मोकळा असे. तेवढ्यात मी सगळा तक्ता पाठ केला, वरून खाली आणि (जुनी खोड) खालून वर. मग डावा डोळा झाकला की घडाघडा म्हणायचो. मधलं एखादं अक्षर मुद्दाम चुकवायचो, कारण पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यावर मीही कायम संशय घेत आलोय. तीन महिने सुई टळली. नर्सबाईंनी कौतुक केलं, मी घरी येऊन हिच्यासमोर शेखी मिरवली. त्याच संध्याकाळी चहाचा कप टेबलाऐवजी हवेत ठेवला, तो भाग वेगळा.

मागच्या महिन्यात घोळ झाला. डोळ्याच्या आतल्या फोटोत पाणी वाढलेलं आणि तक्त्यावर मी वर्गात पहिला. डॉक्टरीणबाईंनी (वय तुझ्या लेकीएवढं) फोटो पुन्हा काढायला लावला, मग मशीन दुरुस्त करणारा बोलावला. तो बिचारा तासभर मशीनच्या पोटात डोकं घालून बसला. मशीन ठणठणीत निघालं. मग मी डावा डोळा झाकल्यावर बाईंनी गुपचूप तक्ता बदलला. मी खणखणीत आवाजात जुनाच म्हटला, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, आणि ठरलेलं अक्षर इमानाने चुकवलंही.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सर, परीक्षा तुमची नव्हतीच. औषधाची होती. तुम्ही त्याला कॉपी पुरवलीत."

ताई, जन्मभर पोरांच्या बाकांखाली वाकून चिठ्ठ्या पकडल्या आणि म्हातारपणी एका बाटलीला पास करायला गेलो. माझे खोटे गुण धरले असते, तर पुढे कितीजणांना हीच सुई उशिरा मिळाली असती आणि त्यांची नजर गेली असती. माझे आकडे खोडले, चाचणीतून नाव काढलं, नेहमीच्या सुया दरमहा सुरू झाल्या. मधला धुरकट ठिपका आता जाणार नाही म्हणतात, बाकीचं वाचेल. मला फार लाज वाटली आणि भीतीही वाटली, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

तुझा,
वर्गाबाहेर काढलेला भाऊ

ता. क. बाईंनी विचारलं, भावंडांत कोणाला हा त्रास आहे का? मी म्हणालो, ताईचे डोळे उत्तम. मग त्यांनी सांगितलं की या रोगात सरळ रेघा मधेच वाकड्या दिसू लागतात. घरी येईपर्यंत मला तुझा सुतार आठवत राहिला. सोबत बारीक चौकटींचा कागद पाठवतोय. एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघ आणि जे दिसेल तेच भाचीला सांग. वाकडं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. हुशारी करू नकोस, ती मी दोघांच्या वाटची करून बसलोय.

आणखी एक ता. क. कागदावरच्या रेघा हिने आखल्या आहेत. आधी मीच पट्टी घेऊन आखल्या होत्या. मग उजव्या डोळ्याने तपासल्या, चुकल्याशा वाटल्या, म्हणून हाताने नीट करत बसलो. सुताराची माफी मागायला सवड आहे, आधी डोळे दाखव.